हेडबाई, शेपूट आणि खुंट्या

३ एप्रिल, बुधवार

आली! दोघंही आली. बसमधून उतरताना मोठीने आधी भावाचा हात धरला, मग पिशवी उचलली, मग कंडक्टरला ‘थँक्यू’ म्हणाली. नऊ वर्षांची पोर, पण थाट असा की जणू शाळा तपासायला आली आहे. मनातल्या मनात बारसं करून टाकलं – हेडबाई. सहा वर्षांचा भाऊ तिच्या फ्रॉकचं टोक सोडायला तयार नाही. तो शेपूट.

माझ्या धाकट्या बहिणीची ही पोरं; तिला वर्षभर शिकायला लांब जायचंय. तिचा नवरा जहाजावर, त्याचा तर पत्ताच नसतो. फोनवर म्हणाली, "ताई, आठ दिवस ठेवून बघ. जमलं तर वर्षभर, नाही तर वसतिगृह आहेच." जमलं तर म्हणजे काय, ते मला न सांगता कळतं. पोरांना हे तळं, हा चिखल, या गाई आणि ही बडबडी मावशी आवडली तर.

मला हवी आहेत ती. इथे लिहायला काय लाज! कालपासून दोन खाटा चार वेळा सरकवल्या.

४ एप्रिल, गुरुवार

एकाच दिवसात सगळं दाखवून टाकलं. माझी जुनी खोड. गोठा, विहीर, शेंगांचे मांडव, मग खाली तळं. पाणी आता भराभर मागे सरतंय. सांगितलं त्यांना – पाणी सरलं की जो काळा गाळ उघडा पडतो त्यात आम्ही काठावरची बारा घरं काकड्या-कलिंगडं लावतो. पुढच्या पावसात जमीन परत पाण्याखाली. शेपटाने तोंड उघडलं, काहीतरी विचारणार होता. हेडबाईने त्याच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

मीच एकटी बोलत होते. काठाला अडकलेला कचरा बघून माझं नेहमीचं सुरू झालं, "काठ्या, चिंध्या, बाटल्या! हे कुणी उचललं ना, तर मी त्याचे पाय धुवून पाणी पिईन!" दोघंही हसली नाहीत.

जेवताना ताटं चाटूनपुसून स्वच्छ. भोपळासुद्धा! भोपळा आनंदाने खाणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

"मावशी, पाणी पिऊ का?" – दिवसात सहा वेळा. मी काय हॉटेल काढलंय?

६ एप्रिल, शनिवार

सकाळी बघते तर पांघरुणांच्या घड्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. उशा भिंतीला टेकवून. चपला ओळीत. माझं घर मलाच ओळखू येईना.

त्यांना शेजारच्या बदकवाल्या वहिनींकडे नेलं. साठ बदकं एकदम फाटकातून सुटली आणि शेपूट हसला! असा खळखळून हसला की वहिनींनी हातातली बादली खाली ठेवली. तेवढ्यात हेडबाई कुजबुजली, "हळू! मावशी काय म्हणेल?" झालं. हसू बंद.

मला वाईट वाटलं. मी इतकी का खाष्ट दिसते? वहिनी म्हणाल्या, "दिसता हो थोड्या." त्यांना विचारलंच नव्हतं.

पोरांना इथे करमत नाही, हे आता उघड आहे. सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत इतकंच. पाहुण्यासारखी दिवस मोजतायत.

७ एप्रिल, रविवार

आज गाळाची वाटणी. मुलांना वहिनींच्या मुलीकडे ठेवून गेले. चिखलात तीन तास उभं राहणं त्यांना कंटाळवाणं होईल म्हणून.

आमच्याकडे या कामाला दोरी चालत नाही. म्हणतात की ओली झाली की ताणते. खरं कारण असं की दोरी कुणाच्या घरची यावरूनच भांडण जुंपतं. म्हणून माप म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या काकांची पावलं; सगळे त्यांना पावलं-काकाच म्हणतात. दर घराला चाळीस. काका मधे ना थांबतात ना बोलतात, आणि चाळिसावं पाऊल पडलं की त्या घरचा माणूस आपली खुंटी ठोकतो, आपल्या रंगाची चिंधी बांधून. माझी निळी, जुन्या चादरीची. गेल्या वर्षी काकांना मधेच शिंक आली तर वहिनी आठवडाभर म्हणत होत्या, ते पाऊल लांब पडलं!

उद्या दुपारी बी टोचायचं. पोरांना बरोबर न्यावं का?

८ एप्रिल, सोमवार

काय लिहू!

सकाळी मी दूध घालायला गेले होते. परत येते तर अंगणात दोघं उभी, कोपरापर्यंत चिखल, आणि चेहरे असे उजळलेले – दोघांचेही एकदम, पाच दिवसांत पहिल्यांदाच. पायाशी फुटक्या बाटल्या, झावळ्या, आणि शेजारी सुतळीने नीट बांधलेली मोळी. काठ्यांची. काठ्यांना चिंध्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, माझी निळी.

बाराच्या बारा खुंट्या.

मी ओरडले. खोटं कशाला लिहू, चांगलीच ओरडले. "अक्कल आहे का? कुणी सांगितलं होतं हात लावायला?" हेडबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "सॉरी मावशी" – किती वेळा म्हणाली देव जाणे. शेपूट रडलाही नाही, नुसता तिच्या मागे लपला.

आणि मग माझं मलाच आठवलं, कुणी सांगितलं होतं ते. पाय धुवून पाणी पिणार होते ना मी? वाटणीला त्यांना नेलं असतं, खुंटी म्हणजे काय ते दाखवलं असतं, तर? सगळं दाखवलं आणि नेमकं तेवढंच राहिलं. गाळात खुणाही राहिल्या नाहीत. यांच्याच पावलांनी सगळं तुडवून काढलेलं.

माफी मागायला खोलीत गेले तर हेडबाई पिशवी भरत होती. परवा जायचं, आजच तयारी. म्हटलं, जेवायला चला.

९ एप्रिल, मंगळवार

बाकीच्या अकरा घरांची दारं वाजवून आले. काका गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "माझी पावलं म्हणजे काय नळाचं पाणी आहे का, हवं तेव्हा सोडायला?" पण आले. काठी टेकत आले.

हेडबाई न सांगता मोळी घेऊन त्यांच्या मागे चालू लागली. चाळीस पावलं झाली की एक खुंटी काढून द्यायची. सातव्या घराशी काका थांबले – ते कधी थांबत नाहीत – आणि मला म्हणाले, "पोरगी माझ्याबरोबर मनात मोजतेय. ओठ हलतायत बघा."

वहिनींच्या वाट्याला या खेपेला जरा जास्त आलं असावं. मोठ्याने म्हणाल्या, "दरवर्षी आणा हो यांना!" सगळे हसले. पोरं सोडून.

संध्याकाळी धाकटीचा फोन. "काय मग ताई, काय ठरवलंस?"

"मला काय विचारतेस? पोरांना विचार."

"अगं, मी तुला विचारतेय."

मी चिडून म्हटलं, उद्या सांगते. उगाच माझ्या तोंडून ‘नाही’ कशाला हवंय हिला?

१० एप्रिल, बुधवार

बसला तासभर होता. दोघं आंघोळ करून, भांग पाडून दारात उभी. हेडबाई हात मागे बांधून म्हणाली, "मावशी, आम्ही नापास झालो ना?"

"कशात गं?"

"आई म्हणाली होती, आठ दिवस शहाण्यासारखं राहा. मावशीला आवडलात तरच ती ठेवून घेईल." मग घाईघाईने, "याचं काही चुकलं नाही. खुंट्या मी काढल्या. हा एकटा राहिला तरी चालेल."

धाकटीला फोन लावला. दोघांना जवळ ओढलं आणि फोन शेपटाच्या हातात दिला. त्याने जरा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आई, मावशी रडतेय आणि आम्हाला सोडत नाहीये. बस जाईल. काय करू?"