बत्तीस भोकांची खोली

३ एप्रिल
खोली मिळाली! मातीची, नवी कोरी. नकाशावाल्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर बाळाला घेऊन राहा, पंखा लावायचा नाही. खोली गार राहिली तर शाळेच्या पोरांच्या कॅम्पसाठी अशा अकरा बांधायच्या. आणि ही आम्हाला कायमची, राखणदार म्हणून. पत्र्याची शेड सुटली एकदाची. म्हटलं, मॅडम, मी कशाला घाबरत नाही.

४ एप्रिल
भिंतीला भोकं आहेत. खाली सोळा, वर सोळा. हवा खेळायला म्हणे. खेळेल हो हवा. पण सापाला कोण सांगणार, हे दार तुझं नाही? घाबरले नाही. नुसती मोजली.

५ एप्रिल
एकच बुजवलं. बाळाच्या डोक्याशी होतं. आतून लिंपलं, बाहेरून कळत नाही.

९ एप्रिल
अकरा भोकं बुजवून झाली. बस्स. आता हात लावणार नाही, बाळाची शपथ. नवरा विचारतो, गवंडी मी का तू? म्हटलं, तुझं बघूनच शिकले.

१२ एप्रिल
शपथ पाळली. हात नाही लावला, चमच्यानं केलं. बत्तीसही बंद. वर दोरीला बाळाचे लंगोट टांगले, खाली पेट्या सरकवल्या. आता निवांत. मॅडमपेक्षा भिंतीतलं मलाच जास्त कळतं.

१६ एप्रिल
बाळाला घामोळं. ऊनच तसं आहे. मॅडम खोलीतला थर्मामीटर पुसून पुसून बघतात. चार दिवसांनी त्यांचे मोठे साहेब खोली बघायला येणार.

२० एप्रिल, दुपार
साहेब दोन मिनिटांत घामाघूम बाहेर. म्हणाले, ही खोली की भट्टी? सगळ्या सिमेंटच्या बांधा. मॅडमचं तोंड झालं बाळासारखं, रडायच्या आधीचं. मी बोलणारच नव्हते. पण लंगोट ओढून बुजलेली भोकं दाखवली ती मीच.
मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, अगं, आधी सांगायचंस ना, बारीक जाळी ठोकली असती. साहेबांनी सिमेंटचं आठ दिवस पुढे ढकललं.

२१ एप्रिल
भोकं उघडली, जाळी ठोकली. खोली लगेच गार. जाळीतून एक मुंगी आरामात आत आली. मुंगी येते, म्हणजे...

२२ एप्रिल
खोली सोडली. आता तिथे इथल्या माळ्याची बायको राहील, राखणदारीही त्यांनाच. नवऱ्यानं पेट्या आपटत परत आणल्या. घाबरून नाही सोडली. शेड आपली सवयीची, भोक म्हणून नाही कुठे.
दुपारी बाळाला निजवलं, शेजारी कलंडले. पत्रा जमिनीला टेकतच नाही. चारी बाजूंनी चार बोटं फट.
दोन वर्षं झोपतोय इथं.