आई तर्मूथीच्या जागेवर

फामेनोथ महिना, दिवस ३

आई तर्मूथीला — सगळी मंडळी तिला आईच म्हणायची — जाऊन आज चाळीस दिवस झाले. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील पानिस्कोसबाबा म्हणाले, "दिदिमे, बायकांना बाप्तिस्म्यासाठी आता तू तयार करायचंस." मी म्हटलं, मला काय येतं? "मग अकरा वर्षं तिच्याजवळ बसून काय मसूर निवडत होतीस?"

खरं तर मसूरच निवडत होते. तिचं शिकवणंच तसं. खडे काढता काढता प्रार्थना पाठ करून घ्यायची. चुकले की परत पहिल्यापासून — पण आवाज कधी चढला नाही.

फामेनोथ ५

पाच बायका आल्या. माझा आवाजच फुटेना. एकीचं बाळ रडायला लागलं, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

फामेनोथ ९

आज आईची फार आठवण येतेय. आजाऱ्यांच्या सेवेला पहिल्यांदा ती मला एका म्हाताऱ्या विणकरणीकडे घेऊन गेली होती. बाई अखेरच्या घटका मोजत होती. मी मोठमोठ्याने वचनं म्हणू लागले. आईने गुपचूप माझ्या हातात ओलं फडकं दिलं. "आधी तिचे ओठ भिजव. कोरड्या तोंडाने आमेन कशी म्हणेल ती?"

परतताना कालव्याच्या कडेला बसून खारवलेला मासा आणि कांदा खाल्ला. मी म्हटलं, हाताला औषधाचा वास येतोय. "मग दुसऱ्या हाताने खा की, बये." किती हसलो होतो!

फामेनोथ १४

दारात सेरापियास उभी. दोन वर्षांपूर्वी सम्राटाचा हुकूम आला होता — राज्याच्या देवांपुढे धूप टाका, टाकल्याचा दाखला घ्या, नाहीतर तुरुंग. हिने धूप टाकला. आता मंडळीत परत यायचंय म्हणते. बाबा म्हणाले, तू ठरव.

मी उंबऱ्याबाहेरच ठेवलं तिला. "आई एवढी म्हातारी, ती झुकली नाही. तुला काय धाड भरली होती?" ती निघून गेली.

हुकूम आला तेव्हा मी इथे नव्हते. आईनेच मला नावेत बसवून आत्याच्या गावी धाडलं होतं. "मी निरोप देईपर्यंत यायचं नाही." परतले तर ती नेहमीसारखी अंगणात बसलेली. मी काही विचारलं नाही. तिला काय विचारायचं?

फामेनोथ १७

सेरापियास पुन्हा आली. मी दार लावू लागले, तशी म्हणाली, "धुपाच्या रांगेत आई माझ्या पुढेच होती. माझ्या कडेवर पोर होती. आधी धूप आईने टाकला, दिदिमे. मग मी."

खोटारडी म्हणाले तिला. तशीच बाबांकडे गेले. ते म्हणाले, "खरं आहे ते. दुसऱ्याच दिवशी तर्मूथी रडत आली होती माझ्याकडे. प्रायश्चित्त सगळं केलं तिने. तुला सांगणं तेवढं जमलं नाही. दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरली."

फामेनोथ १८

दिवसभर मागावर बसले. वीतभरही विणून झालं नाही. राग धूप टाकल्याचा नाही. एवढी जवळ असून तिला माझी भीती वाटली, त्याचा आहे.

आणि त्या दिवशी दारात सेरापियासला मी जे बोलले, त्यावरून तिची भीती बरोबरच होती.

फामेनोथ १९

सकाळीच सेरापियासच्या घरी गेले. तिने आत ये म्हटलं नाही. मी उंबऱ्यावरच बसले. म्हटलं, "त्या दिवशी रांगेत आई काय काय बोलली, ते मला सांगशील?"

ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली.