तारेपलीकडची मंडळी

१२ एप्रिल
कुताइसी शहरातून बाडबिस्तरा घेऊन सीमेवरच्या नव्या नेमणुकीवर पोचलो. झकास गाव! सफरचंदं फुलावर आहेत. शेजारच्या तारिएलने आल्या आल्या चीज भरलेली गरम भाकरी आणि घरची वाइन पुढे केली. म्हणाला, फादर, पोटभर खा, मागचे फादर इथे टिकले नाहीत, तुम्ही निदान उपाशीपोटी पळू नका. वल्ली आहे.

२० एप्रिल
रशियन सैनिकांनी सीमेची काटेरी तार पुन्हा पुढे, जॉर्जियाच्या हद्दीत सरकवली. आता चर्च आणि कबरी दोन्ही पलीकडे. वरिष्ठांना फोन केला, तर म्हणतात, राजकारणात पडू नका. तळपायाची आग मस्तकात गेली! माझ्या घरमालकीण नाझिब्रोला आजींचा नवरा व्लासी तिथे पुरलाय. ईस्टरच्या सोमवारी त्याच्या कबरीवर लाल अंडं कोण घरंगळवणार? वरिष्ठ?

२९ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
सगळ्यांना तारेपाशी नेलं. आजी नको म्हणत होत्या. मेलेल्यांना ते असतात तिथे जाऊन वाढावं, आपल्याकडे बोलावू नये, म्हणे. मी ऐकलं नाही. मंजिष्ठेने रंगवलेली अंडी तारेखालून पलीकडे सोडली, कबरीवर ओतायची वाइन मात्र अलीकडच्या मातीत ओतली आणि एकेकाचं नाव घेऊन ओरडलो, व्लासी, इकडे ये! ही जमीनही जॉर्जियाचीच, कुणाच्या बापाची नाही! पहारेकरी हसले.

३० एप्रिल
तारेखालून नुसती टरफलं परत आलीत. लाल, ओली. तारिएल म्हणतो, कुत्री असतील. कुत्री अंडी सोलून खातात?

१ मे
तारिएलच्या बागेत मातीचे उंचवटे. पलीकडच्या कबरी उघड्या. उंचवट्यांमागोमाग तारही बागेत आलीय. सैनिक शपथेवर सांगतात, आम्ही हात लावला नाही. चेहरे पांढरेफटक. तारिएल माझ्यावर खेकसला, बोलावलेत ना पाहुणे, घ्या, येताना सीमा घेऊन आले.

२ मे
तारिएलचं घर पलीकडे गेलं. हाका मारल्या — ओ नाही. आजी संतापल्या. तुमचा राग तुम्ही काढायचा, माझ्या म्हाताऱ्याला कशाला उठवलंत? खरं आहे. चिडलो होतो तारेवर, आणि झोप मोडली मेलेल्यांची —

३ मे
भरदुपार. माझ्या अंगणात उंचवटा. आजी व्लासी, व्लासी करत बाहेर गेल्या — परत नाहीत.
दारावर टकटक. बोटांची नाही. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटतो, तो आवाज —
मी देवाचा माणूस. आतून ओरडलो, ख्रिस्त उठला आहे! यावर खरंच उठला, एवढंच म्हणायचं असतं.
बाहेर सगळे मिळून, चिडून —
आम्हीही. तू उठवलंस. आता दार —