बरां सुदारलंस गो

१८ डिसेंबर १९९४, तुये, गोवा

आलो एकदाचे. एस.टी.तून उतरल्यापासून राजेश मला गाव असं दाखवत होता, जणू सगळं त्याच्याच मालकीचं. ही आमची इस्टेट (म्हणजे औद्योगिक वसाहत, तिथल्या पंपांच्या कारखान्यात तो फिटर आहे), ही चोपड्याच्या फेरीबोटीची वाट, आणि हे आपलं घर. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. पण मागे विहीर आहे, माड आहेत आणि जनेल उघडलं की शेतावरचा वारा थेट चुलीपर्यंत येतो. गडहिंग्लजच्या खोलीत वारा म्हणून नव्हता. मी खूश आहे.

घरमालकीण चंद्रावतीमाई साठीच्या, एकट्या. मुलगा गोकुळदास बोटीवर असतो. सून सुमंगला तीन वर्षांपूर्वी वारली. तिचा हार घातलेला फोटो मधल्या खोलीत आहे. माईंनी आल्या आल्या मला तिच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, आता घरात बाईमाणसाचा वावर झाला.

इथली बोली भारी. माई मला म्हणतात, तू आयलंस, तू जेवलंस. बाईला चक्क नपुंसकलिंग! आणि आमच्याकडे बायका म्हणणार, मी आलो, मी गेलो. म्हणजे गडहिंग्लजात मी पुरुष आणि तुयेत मी लेकरू. बाई व्हायला आणखी कुठल्या गावाला जाऊ, असं विचारल्यावर राजेश हसून हसून खोकला. सकाळी सायकलवरच्या पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, पोळी मागितली तर त्याने कोंड्याचा पाव हातात ठेवला. इथे त्यालाच पोळी म्हणतात. चहाबरोबर छान लागला.

२२ जानेवारी १९९५

बालवाडीच्या बाईंना भेटले. जूनपासून या म्हणाल्या. माझा आवाज ऐकूनच त्यांनी होकार दिला असणार. आई म्हणायची, नाव ठेवलं मंजुळा आणि आवाज निघाला गिरणीच्या भोंग्याचा. पोरांना गाणी शिकवायची, गोष्टी सांगायच्या. मी आत्तापासूनच भांडी घासताना सराव करते. माई म्हणतात, विहिरीतली बेडकंसुद्धा पाठ करतील.

२६ फेब्रुवारी

हल्ली दमायला होतं. दोन घागरी आणल्या की बसावंसं वाटतं. दुपारी आडवी झाले की दिवेलागणीलाच जाग येते. वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका निघतो. पण बाहेर कुणाला यातलं काही दिसत नाही. दिसतो तो माझा चेहरा, आणि तो गोल होत चाललाय. माई आज गाल धरून म्हणाल्या, बरां सुदारलंस गो! शेजारची अर्चनाही तेच म्हणाली. राजेशच्या कारखान्यातले मित्र जेवायला आले होते, त्यांनीही त्याचीच पाठ थोपटली. गोव्याचं पाणी वहिनींना मानवलं म्हणे.

मलाही बरं वाटलं. लग्नाआधी मी काठी होते.

१४ मार्च

पेडण्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. थकवा, केस, पाळीचा गोंधळ, सगळं सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी राजेशला विचारलं, लग्नाला किती दिवस झाले? मग हसून म्हणाले, महिनाभर थांबा, पेढे द्यायला याल. एक लाल टॉनिक दिलं. पेढ्यांचं काहीच नाही हे मला माहीत होतं, पण नवऱ्यादेखत किती बोलणार.

२ मे

राजेशबरोबर म्हापशाला जायला चोपड्याला फेरीत चढले. माणसं घामाने निथळत होती. बायका पदराने वारा घेत होत्या. मी स्वेटर घालून बसले होते आणि तरी माझे दात वाजत होते. एक मुलगी माझ्याकडे बघून आईच्या मागे लपली.

तिथे बसल्या बसल्या मला लक्ष्मीआत्या आठवली. तिला गलगंड होता. तीही अशीच सुजली होती, उन्हात घोंगडी पांघरून बसायची, बोलणं संथ झालं होतं. मग बेळगावच्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली, मुगाच्या दाण्याएवढी, आणि आत्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा भांडायला लागली. मी पदराखाली गळ्याला हात लावून पाहिला. खाली, मंगळसूत्राच्या वर, काहीतरी आहे. गिळलं की हलतं.

परतताना हट्टाने पेडण्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना थायरॉइड म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. समुद्राच्या काठी, मासळी खाणाऱ्या मुलखात गलगंड कुठला, असं म्हणाले. मी म्हटलं, मासळी खायला लागून मला जेमतेम चार महिने झालेत. त्यावर म्हणाले, भात कमी करा, चालायला जा, आणि मासिकांतले सल्ले वाचू नका. गळ्याला हातसुद्धा लावला नाही. मला इतका राग आला की बाहेर येऊन रडले. राजेश म्हणाला, डॉक्टर आहेत ते, त्यांना कळत नसेल का?

२० जून

बालवाडी चार दिवसांत सुटली. आवाज फुटतच नाही. जाड, खरखरीत, ओला काहीतरी निघतं. पोरं गाणं सोडून बघत राहतात. बाई म्हणाल्या, बऱ्या झालात की या.

आज दुपारी स्वयंपाकघरातून माईंना हाक मारली, कुकरची शिट्टी सापडत नव्हती म्हणून. बाहेर भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर माई विहिरीच्या काठावर बसलेल्या, कळशी घरंगळत गेलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मग म्हणाल्या की हाक सुमंगलाची होती. शेवटी शेवटी तिचा आवाज अस्साच झाला होता.

९ जुलै

फोटो खाली उतरवून उजेडात पाहिला.

इतके महिने त्याच्याखालून ये-जा करते, पण नीट कधी पाहिलाच नव्हता. गोल, फुगीर चेहरा. पापण्या जड. भुवया निम्म्याच, बाहेरचा भाग गेलेला. मी आरशात गेले. माझ्याही बाहेरच्या बाजूने गेल्यात, कधी गेल्या कळलंही नाही. आणि तिच्या मंगळसूत्राच्या वर तोच उंचवटा.

माईंना विचारलं, हिला काय झालं होतं? काही नाही म्हणाल्या. उलट गेली तेव्हा चांगली सुधारली होती. थंडी वाजायची एवढंच. आणि झोपायची फार.

म्हणजे तिलाही हेच होतं. कुणी ओळखलं नाही. तिला मी कधी भेटले नाही, पण आज तिच्यासाठी आतून तुटलं मला. आणि स्वतःसाठी भीती वाटली, खरी भीती.

३० जुलै

राजेशला फोटो दाखवला. त्याने तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मग कारखान्यातून रजा काढून मला म्हापशाला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या. पण निदान गळा चाचपला. म्हणाल्या, विशेष काही वाटत नाही, तुमच्या समाधानासाठी रक्त तपासू. नमुना मुंबईला जातो, वेळ लागेल. मी त्यांचे हात धरले. त्यांनी सोडवून घेतले, हात फार गार आहेत म्हणून.

२० ऑगस्ट

रिपोर्ट नाही.

माई लोणच्यासाठी जुनी बरणी शोधत होत्या. मी पडल्या पडल्या सांगितलं, माळ्यावर, तांब्याच्या घंगाळामागे. तिथेच होती.

मी माळ्यावर कधी चढले नाही. की चढले होते? आल्या आल्या सामान ठेवताना राजेशला शिडी धरली होती, तेव्हा दिसली असेल. दिसलीच असणार. हल्ली खूप विसरते.

माईंनी संध्याकाळी पेज आणली. भरवली. गो सुमंगल, म्हणाल्या. मी ओ दिली.

४ सप्टेंबर

गणपतीची चवथ झाली. सगळं बंद होतं, रिपोर्ट नाही. राजेशने म्हापशाला दोन फेऱ्या मारल्या. नमुना खराब झाला असेल, थांबा, असं सांगतात. तोवर काहीतरी औषध मिळावं म्हणून मला पुन्हा पेडण्याला नेलं. माई बरोबर आल्या.

जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण उद्या आठवेल की नाही माहीत नाही.

मी ठरवून गेले होते की डॉक्टरांना सुमंगलाचं सांगायचं. एकाच घरातल्या दोन बायका, एकच लक्षण, मग तरी ते ऐकतील. घरी वाक्य घोकलं होतं. सुमंगलाचं दुखणं मला लागलंय. साधं वाक्य. पण जीभ आता तोंडात मावत नाही. मधला शब्द अडकला. दुखणं हा शब्द येईना. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच — सुमंगलाचं... लागलंय मला. आणि तेही त्या आवाजात.

माईंनी किंकाळी दाबली. डॉक्टरांनी राजेशकडे पाहून मान हलवली, बघा, हे सगळं डोक्यातलं आहे, मी म्हणत नव्हतो? राजेशचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो माझ्यापासून थोडा सरकला.

दुखणं. दुखणं म्हणायचं होतं. शब्द सापडला तेव्हा आम्ही रस्त्यावर आलो होतो. मी तो दहादा म्हटला. राजेश हो हो म्हणत राहिला, जसं वेड्याला म्हणतात.

डॉक्टरांनी शांत झोपेच्या गोळ्या दिल्यात.

१२ सप्टेंबर

सकाळ-संध्याकाळ गोळी. माई स्वतःच्या हाताने देतात. नको म्हटलं की डोळ्यांत पाणी आणतात. दुष्ट नाहीत त्या. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, मी गोळी थुंकले असते.

आईला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींत थकले. काय लिहायचं होतं तेच —

अर्चना बघायला आली. आता कशी शांत दिसते, म्हणाली. सुधारली.

२१ सप्टेंबर

माईंनी राजेशला सांगितलंय, कोजागिरीच्या पुनवेला मला पेडण्याला देवापुढे उभं करायचं. तिथे लागलेलं सुटतं. राजेश कधी असलं मानत नव्हता. आता त्यानेही रजा टाकलीय.

मी देवाला नाही म्हणत नाही. पण सुटणार कोण? ती गेली तर मी राहीन का — आता आम्ही दोघी एकाच —

नाही. असं लिहायचं नाही. हे दुखणं आहे. आत्याला झालं होतं. गोळी असते. मुगाएवढी.

२७ सप्टेंबर

कातडी कोरडी. चिमटा घेतला तरी दुसऱ्याचा वाटतो. मधल्या खोलीत कुणीतरी संथ श्वास घेतं. मी रोखला तर तोही — मग तो माझाच.

माई बाहेर सांगत होत्या, ते निजलां. ते. आधी हसायचे मी याला —

१ ऑक्टोबर

हात उचलत नाही. माशी गालावर बसली. बसू दिली.

राजेश शेजारी बसून रडला. म्हणाला, मंजू, तू आहेस ना? मी हो म्हणाले. आवाज ऐकून तो उठून गेला.

४ ऑक्टोबर

दुपार. डोळे उघडत नाहीत. उशीखाली बोटं तेवढी हलतात, अंदाजाने लिहितेय.

राजेश धावत आला. रिपोर्ट आला. ओरडत होता, माई, थायरॉइडच आहे, खरं बोलत होती ती! हसत होता. रडत होता. गोळ्याही आणल्यात. डबी खुळखुळली, मी ऐकली.

राजेश, मी ऐकलं —

ओठ हलले नाहीत. त्याने माझ्या कपाळाला हात लावला. किती गाढ झोपलीय, म्हणाला. माई म्हणाल्या, उठवू नको रे, किती दिवसांनी असां निजलां. तोही म्हणाला, नाहीतरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, गोळी सकाळी उपाशीपोटी. उद्या उठली की देऊ.

पांघरूण नीट केलं. दार ओढून घेतलं.

जागी आहे मी. आत्ता द्या. उपाशीच आहे मी, पेजसुद्धा गेली नाही, राजेश, आत्ता — उद्या नको, उद्याला मी —

वही उशीखालून बाहेर ढकलते. दिसेल त्याला. दाराशी पडली तर दिस