आमचे शुद्ध कच्चे तेल

चि. अश्वजित, आणि गाव सोडून नागपुरात नोकऱ्या करणाऱ्या आपल्या वस्तीच्या सर्व पोरांनो,

माणिककाकाचा जय भीम. आपला अर्ज कोणी वाचत नाही, हे आपणा सर्वांचे जुने दुःख. या वेळी तो वाचला गेला, आणि त्याहून मोठे दुःख पदरी आले.

तुम्ही सगळे खुशाल असाल असे धरून चालतो. (इथे बायकांचे खांदे दुखतात. कारण पुढे येईल.)

नाल्यापलीकडच्या आपल्या एकुलत्या विहिरीचे पाणी नळाने वस्तीत यावे म्हणून मी बारा वर्षांत बावीस अर्ज केले. यंदा कळले की एका तेल कंपनीकडे तेल निघणाऱ्या गावांच्या विकासासाठी निधी आहे. ज्या मातीतून घेता, तिथल्या माणसांना परत द्या, हे तत्त्व मला मान्यच आहे (बुद्धपौर्णिमेला यावर दीड तास बोललो होतो, शेवटी माईकवाल्याने वायर काढली). फॉर्मवर प्रश्न होता, आपल्या गावात कच्चे तेल निघते का? मी खोटे लिहीत नाही. गोमतीबाईच्या बचत गटाचा लाकडी घाणा आहे, करडईचे तेल निघते, डब्यावर 'कच्ची घाणी' असे ठळक छापलेले आहे. मी लिहिले, 'होय. शुद्ध कच्चे.'

महिन्याभरात पिवळी हेल्मेट घातलेले साहेब दोन गाड्या भरून आले. मोठ्या साहेबांचा पहिलाच प्रश्न, विहीर कुठे आहे? मला भरून आले. बारा वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. अख्खी वस्ती त्यांना विहिरीवर घेऊन गेली. उत्पादन किती, असे त्यांनी विचारले. गोमतीबाई म्हणाली, "उन्हाळ्यात आटते साहेब, पावसाळ्यात हातानं घ्या." साहेबांनी ते लिहून घेतले, मग वाकून वास घेतला आणि एकमेकांकडे पाहिले. (आदल्या आठवड्यात गाळ उपसताना मदनसिंगच्या पाणी उपसायच्या इंजिनाचे डिझेल आत सांडले होते. मी ते सांगणार होतो, पण माझे स्वागतपर भाषण चालू होते.)

पंधरा दिवसांत विहिरीभोवती आठ फूट तारेचे कुंपण आले, लोखंडी फाटक आले, कुलूप आले, आणि फलक आला: 'धोका. ज्वलनशील. ग्रामस्थांच्या सुरक्षिततेसाठी सप्रेम भेट.' फीत कापली गेली. मी पाऊण तास आभार मानले. टाळ्या थांबल्या तेव्हा, अश्वजित, तुझी आई, आमची गंगूवहिनी, घागर घेऊन फाटकापाशी उभी होती. एवढेच म्हणाली, "भाऊजी, तुमी तं लय बोलले. आता पानी कोठून आनू?"

तेव्हापासून बायका दोन किलोमीटरवरून पाणी आणतात. वहिनी साठीच्या पुढे आहे. परवा बांधावर घागरीसकट पडली. कुलूप तोडावे, तर फलकावर खाली बारीक अक्षरात शिक्षा लिहिली आहे. सरपंच लखनराव म्हणतात, "तोडा ना तुमी. मी पाह्यलंच नाई." कंपनीला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले की ज्या अभियंत्याने तेल असल्याचे प्रमाणित केले, त्यानेच नसल्याचे लिहून द्यावे.

अश्वजित, तुझ्या आजोबांनी गावच्या विहिरीवर पाण्यासाठी मार खाल्ला आणि मग ही आपली विहीर स्वतःच्या हातांनी खणली. त्या काळी आपल्याला अडवायला माणसे उभी राहत. आज कुलूप आहे, आणि ते माझ्या अक्षराने लागले आहे. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, अर्ज करा, लिहा, मागा. आता ओट्यावर बसतो आणि समोरून जाणाऱ्या घागरी मोजतो.

तुझा काका,
माणिकराव

ता. क. इतर पोरांनी पत्र इथे मिटावे. अश्वजित, तू वाच. फॉर्मवर 'प्रमाणित करणारा अभियंता' असा रकाना होता. घरात इंजिनिअर तू एकटाच. तुझे नाव लिहिले. सहीही केली.

ता. क. २. कंपनीचे कार्यालय तुझ्याच नागपुरात आहे. येत्या सोमवारी रजा टाकून तिथे जा, 'आमच्या विहिरीत फक्त पाणी आहे' असे एक वाक्य लिही, खाली सही कर आणि किल्ली घेऊन ये. सही मात्र मी केली तशीच कर, नमुना सोबत जोडला आहे. तुझ्या खऱ्या सहीने फाटक उघडणार नाही.