शनिवारची सेकंड शिफ्ट

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दिघीला एका लग्नात तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका भेटले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला हलकं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

तुमचा नियम एकच होता. "सेकंड शिफ्ट करून मी रात्री येईन तेव्हा दाराला आतून कडी पाहिजे." मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. रहाटणीतल्या एका हॉटेलात शनिवारी कराओके असायचं. एक कोल्ड कॉफी चौघींत घेऊन आम्ही बसायचो आणि नंबर आला की माइक हातात. आईला सांगायचे, मैत्रिणीकडे सबमिशनचं काम आहे. ज्या आठवड्यात तुमची सेकंड शिफ्ट, त्याच शनिवारी नेमकं माझं सबमिशन. तुम्हाला कळलं तर कॉलेज बंद होणार याची मला खात्री होती. आपल्या गल्लीतल्या दोघींचं तसं झालेलं मी पाहिलं होतं.

त्या शनिवारी माझा नंबर उशिरा आला. मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. भोसरी ओलांडली तर पुढे तुमच्या कंपनीची बस, आणि खिडकीशी तुम्ही. मैत्रीण म्हणते, "मागंच राहू का?" मी म्हणते, "वेडी आहेस का? ते आधी पोचले तर मेले मी. काढ पुढं!" स्कार्फ तोंडाला गुंडाळते, मान खाली घालते आणि आम्ही बसला अगदी चिकटून पुढे जातो. मोशीला घरी पोचले, कडी लावली, अंथरुणात शिरले. वीस मिनिटं झाली तरी तुमचा पत्ता नाही. मग दार वाजलं. मी डोळे चोळत उघडलं. "उशीर झाला, अण्णा?" "ट्रॅफिक होतं," म्हणालात आणि डबा मोरीत ठेवलात.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुम्हाला फसवलं आणि ते सांगायचंही राहिलं, हे इतकी वर्षं सलत होतं. त्यानंतर मी कुठे गायले नाही.

पंगतीत जिलेबी वाढून घेता घेता काका म्हणाले, "स्कूटीवाली ती तूच न्हाई का? अगं, तुझ्यापायी आमी बस थांबवून चहा पिलो! अण्णा ड्रायव्हरला म्हणले, घे बाजूला. आमी म्हणलं, राव, झोप आलीय, घरी जाऊ द्या. तर म्हणले, पोरगी पुढं गेलीय. कडी तर लावू दे तिला."

"पण ओळखलं कसं? तोंड झाकलं होतं मी."

"स्कार्फानं झाकलं होतं ना? अण्णांनी तो तुझ्यासाठी घेतला, तवा दुकानात घासाघीस कुणी केली? मीच."

मी इतकी हसले की शेजारच्या बाई ताट सावरून बसल्या. परतताना रिक्षात, कितीतरी वर्षांनी, एक अख्खं गाणं म्हटलं. रिक्षावाल्याने रेडिओ बारीक केला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, वहीतच राहील. एकच कबूल करायचं आहे. रात्री बाराला मोशीच्या रस्त्यावर ट्रॅफिक नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुमच्या तोंडाला आल्याच्या चहाचा वास येत होता. आपण सुटलो एवढ्या आनंदात मी पुढे काही विचारलंच नाही.