शेवाळाची टाकी, नाल्यावरच्या बाभळी आणि माझे सरण

मी, तातेराव कचरू कंटुले, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक, सध्या शेती, राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहून ठेवत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून सही मागितलेली नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. गावाचे मत वेगळे आहे. गाव मला कित्येक वर्षे शेवाळे मास्तर म्हणते. गावाचा दाखला मी मागितलेला नाही.

केवळ घर-जमिनीसाठी मी हा खटाटोप केला नसता. माझ्या दोन्ही लेकरांत वाद नाही. वाद माझ्यात आणि मुलगा धर्मराज याच्यात आहे. यंदा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सणाला, सगळे पानावर बसलेले असताना, मी जाहीर केले की मेल्यावर मला जाळायचे नाही, पुरायचे. त्या दिवसापासून धर्मराज माझ्याशी कामापुरते बोलतो. गोळ्या आणून देतो, अंघोळीचे पाणी काढले म्हणून सांगतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. माझ्या हृदयाचा आता भरवसा नाही, तेव्हा हा अबोला मागे ठेवून जाणे मला परवडणारे नाही. त्याचा निकाल शेवटच्या कलमात लावला आहे. घाई असेल त्याने ते आधी वाचावे. मी मात्र क्रमानेच लिहिणार; जन्मभर पोरांना तसेच शिकवले.

कलम पहिले. तीर्थपुरीचे राहते घर, त्यातील भांडीकुंडी व मागील गोठा धर्मराजला द्यावा. उत्तरेकडची भिंत दरवर्षी ओल धरते. ती पाडून नवी बांधावी असे मी दर उन्हाळ्यात ठरवत आलो. आता त्याने ठरवावे.

कलम दुसरे. नाल्याकाठची जमीन धर्मराज आणि मुलगी शिवकन्या (सध्या शहागडला शिक्षिका) यांना निम्मी-निम्मी. आपल्याकडे बहिणीला एक लुगडे आणि पोटभर जेवण घालून हक्कसोडीवर अंगठा घेण्याची रीत आहे. शिवकन्येने तसली सही करू नये. लुगडे मिळाले तर घ्यावे. पोस्टात आणि बँकेत जे काही आहे त्यालाही हाच नियम.

कलम तिसरे. माझा पितळी सूक्ष्मदर्शक शिवकन्येला. तो शाळेचा नाही, माझा स्वतःचा आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण शाळेत तसा प्रवाद होता. भिंगाला बोट लावू देऊ नये.

कलम चौथे, गुऱ्हाळाविषयी. हे गुऱ्हाळ मी आणि धाकटा भाऊ साहेबराव यांनी १९८३ साली भागीत उभे केले. मी शाळा करून हातभार लावी, पण खरे राबणे त्याचे. आता सगळा ऊस कारखान्याला जातो आणि रस उकळायच्या चुलवाणात कुत्री झोपतात. माझा हिस्सा, रसाच्या मोठ्या काहिलीसह, साहेबरावला द्यावा.

त्याच गुऱ्हाळाच्या बाजूला माझी टाकी आहे, जिच्यामुळे मला नाव पडले. ती शिवकन्येला. टाकी म्हणजे काय हे नातवंडांसाठी एकदाच सांगून ठेवतो. १९८८च्या सुमारास एका मासिकात वाचले की जगभरच्या धुरातला कर्बवायू आभाळात साचत चालला आहे आणि पृथ्वी त्याने तापते आहे. जगाच्या धुराचे जगाने बघावे, पण आपल्या चुलवाणाचा धूर आपल्या समोर होता. पाण्यातले शेवाळ हा वायू खाऊन वाढते, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला काचेच्या बरणीत दाखवत असे. मग बरणीच मोठी केली. धुराड्यातून नळ काढला, धूर एका पिंपातल्या पाण्यात थंड केला आणि धान्य उफणायच्या पंख्याने टाकीत सोडला. बुडबुडे येत, ऊन पडे, आणि चार-आठ दिवसांत टाकी अशी दाट होई की हात घातला तर बोटे दिसत नसत.

साहेबराव म्हणाला, "दादा, लोकं गूळ करून राह्यले, आन् आपण बुरशी." तो चुकीचे बोलला नव्हता.

१९९२ साली जालन्याहून शेतकी खात्यातले एक साहेब ती टाकी बघायला येणार होते. मी सकाळी शाळेत दोन तास घेऊन त्यांना आणायला थांब्यावर गेलो. इकडे माझी पत्नी, कै. दुर्गाबाई, आणि साहेबराव यांनी पाहुणा घरी येणार म्हणून जे करायचे ते केले. टाकी उपसली, काथ्याने घासली, आतून चुन्याचा हात मारला, विहिरीचे स्वच्छ पाणी भरले आणि वर झेंडूची फुले सोडली. पुढ्यात रांगोळी. साहेबांनी टाकीत वाकून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "छान आहे पाणी," म्हणाले. चहा घेतला, नारळ घेतला आणि गेले. पुन्हा कोणी आले नाही.

मी दुर्गाबाईला नको नको ते बोललो. ती म्हणाली, "साह्यब येऊन राह्यले, आन् टाकी आशी घाण ठिवायची? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं!" मग तिला कळले की त्या घाणीसाठीच साहेब येणार होते. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन बसने शहागडला गेली आणि गोदावरीच्या डोहातले हिरवे पाणी घेऊन परत आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे काय घिऊन चालल्या?" ती म्हणाली, "मास्तरचं औषध हाये. सांडलं तर तुला पाजीन." त्याच घागरीवर टाकी पुन्हा हिरवी झाली. ती घागर फुटली आहे, म्हणून कोणाला देता येत नाही.

शिवकन्येने टाकी ठेवावी की फोडावी, हे तिच्यावर सोडतो. ठेवण्याचा आग्रह धरायला माझ्याकडे आता बळ नाही. एवढ्या वर्षांत कळले ते असे: शेवाळ धूर भराभर खाते, पण धरून ठेवत नाही. वाळवले, गुरांना घातले, खड्ड्यात कुजवले, काहीही केले तरी घेतलेले थोड्याच दिवसांत परत हवेत सोडते. उधळ्या माणसाच्या हाती पैसा ठेवावा तसे ते आहे. मी दमलो तो धुराने नाही, या कळण्याने दमलो.

कलम पाचवे. नाल्यावरची झाडे. टाकीतले शेवाळ शेवटी खत म्हणून मी नाल्याकाठच्या बाभळी, कडुलिंब आणि करंज यांच्या बुडाशी घालू लागलो. झाडाचे उलटे असते. ते सावकाश घेते, पण घेतलेले लाकडात, मुळ्यांत, खालच्या मातीत धरून बसते. कोणी कुऱ्हाड लावेपर्यंत. ही झाडे जमिनीबरोबर दोघा मुलांची राहतील. पण ती तोडू नयेत, विकू नयेत, ओंडका म्हणूनसुद्धा कोणाला देऊ नयेत.

कुऱ्हाड लागली ती १९९९च्या चैत्रात. दुर्गाबाई दुपारी गेली. मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि मला नाल्याकडून घाव ऐकू येत होते. कळत होते, उठता येत नव्हते. साहेबरावने सरणासाठी पाच बाभळी आडव्या केल्या होत्या, टाकीच्या खतावर वाढलेल्या. नंतर मी त्याला विचारले तेव्हा तो रडत म्हणाला, "घरची झाडं उभी असतांना वहिनीला काय इकतच्या लाकडावर ठिवायचं व्हतं, दादा?" रीत तशीच आहे, हे मलाही माहीत आहे. घरच्या माणसाला घरचे लाकूड. तरी तेव्हापासून मी त्याच्याशी नीट बोललेलो नाही. लाकूड ओले होते. धड पेटेना, रॉकेल ओतावे लागले, आणि धूर फार झाला. आमच्याच शेतात तिला अग्नी दिला, आणि तो धूर संध्याकाळपर्यंत नाल्यावरच्या झाडांत अडकून होता.

साहेबरावने माझ्या मयतीला यावे, पुढे राहून सगळे करावे. कुऱ्हाड घरी ठेवून यावे.

कलम सहावे व शेवटचे. माझ्या देहाविषयी.

दुर्गाबाई गेली त्या दिवशी मी मनाशी ठरवले होते की माझ्यासाठी एकही झाड पडणार नाही. आयुष्य धूर आवरण्यात गेले, शेवटी स्वतःचाच एवढा धूर कशाला करायचा? मातीत गेलो तर बरेचसे मातीत राहीन. विचार सरळ होता, आणि आखाजीला मी तो वर्गात सांगावा तसा सांगून टाकला.

धर्मराज हातातला घास तसाच धरून म्हणाला, "आबा, मायला म्या अग्नी देल्ता. ती धुरात गेली. तुम्हाला मातीत घातलं, मंग तुमी दोघं कव्हा भेटायचे?"

मी म्हणालो, "विज्ञानात भेटणं-बिटणं नसतं." तो ताटावरून उठून गेला.

मी बरोबरच बोललो होतो. बरोबर उत्तर देऊन मी मुलाचा घास काढून घेतला. त्यानंतर रोज ओट्यावर त्याची पाठ दिसते. मला ती बघवत नाही. मला दुर्गाबाईची आठवण येते, हे मी त्याला आजवर कधी सांगितले नाही, येथे लिहितो. फार येते.

म्हणून मी माझे म्हणणे मागे घेत आहे. मला पुरू नये. धर्मराज, अग्नी तूच दे. जागा तीच, शेतातली, तुझ्या मायची.

मात्र झाड तोडायचे नाही. सरण पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे रचावे. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या पडूनच असतात. त्या यंदाच्या, जे काही हवेतून घेतले ते यंदाच घेतले, यंदाच परत जाईल. जुने साठवलेले त्यात काही नाही. पऱ्हाट्या भराभर जळतात, तेव्हा गोवऱ्या जास्त लावाव्या आणि कोणीतरी शेवटपर्यंत थांबावे. लोक नावे ठेवतील, मास्तरला लाकूडही जुडले नाही म्हणतील. म्हणू देत.

तुझ्या मायच्या धुरातले थोडे त्या झाडांनी घेतले असेल. चैत्राची कोवळी पालवी होती. पान हवेतून मिळेल ते घेते, कोणाचे ते विचारत नाही. किती घेतले हे मला काढता येणार नाही. खरे उत्तर विचारशील तर जवळजवळ काहीच नाही. पण अगदीच काही नाही असे मी लिहून देणार नाही.

तेव्हा एवढे करावे. सरण रचून झाले की वारा बघावा. तो नाल्याकडे वाहत नसेल, तर अग्नी द्यायला थोडे थांबावे. याला शास्त्राचा आधार नाही, हे मला कळते. तरी थांबावे.

यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे कलम वाचताना आवाज बसला, म्हणून तेवढे अण्णासाहेबांनी वाचले.

ठिकाण: तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना
दिनांक: ११ डिसेंबर २००७

(सही) तातेराव कचरू कंटुले

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:

१. (सही) अण्णासाहेब लिंबाजी बोरुडे, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, तीर्थपुरी

२. (सही) कांताबाई भिकाजी खरात, सेवानिवृत्त शिक्षिका, तीर्थपुरी